'बुडीत'मधला आवाज

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय केतन,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या की नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून कोपरखैरण्याच्या जुन्या पत्त्यावर कुरिअर करतोय. गावातलं घर काही हललं नसेल.

आधी बातमी. फिनलंडमधल्या एका छोट्या कंपनीला 'बुडीत' पुन्हा काढायचाय. आपला 'बुडीत', आपल्या 'मसणवट' बँडचा पहिला आणि शेवटचा अल्बम. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तो इंटरनेटवर टाकला होता, तो यांच्या कानावर पडला. भारतातलं सुरुवातीचं ब्लॅक मेटल, म्हणजे असलं किंचाळतं रॉक, शोधत बसणारी माणसं जगात आहेत. मूठभर आहेत, पण कट्टर आहेत. आई ज्याला 'भूत लागलेलं संगीत' म्हणायची, त्याची आता मोठी काळी रेकॉर्ड निघणार.

त्या निमित्ताने सगळा अल्बम परत ऐकला. चांगले हेडफोन लावून, डोळे मिटून. विशीतलं काही परत ऐकायची भीती वाटते, तशी वाटली. पण खरं सांगतो, बराचसा टिकलाय. 'खाजण'च्या सुरुवातीला माझं गिटार पत्र्यावर नख ओढल्यासारखं येतं. तेव्हा आपल्याकडे धड अँप नव्हता म्हणून तसं यायचं. आज पोरं तसाच आवाज यावा म्हणून जीव काढतात. हरेशचे ड्रम मागे पडतात, मग धावत येऊन गाठतात. पण त्या लंगडण्यातही एक मजा आहे. तुझ्या काकांच्या रिकाम्या गाळ्यात भिंतींना गाद्या टेकवून हे आपण केलं, यावर विश्वास बसत नाही. कव्हरचा फोटोसुद्धा अजून अंगावर येतो: घणसोलीच्या बांधावर तोंडाला पावडर आणि काजळ फासून उभे तिघं. ती म्हातारी आठवते? टोपली डोक्यावर घेऊन थांबली आणि म्हणाली, "कुनाचं सोंग हाय रं?"

टिकला नाही तो तुझा आवाज. राग मानू नकोस, आपण मोठे झालो आता. तेव्हा वाटायचं, केतन तोंड उघडतो आणि खाडीतून काहीतरी वर येतं. आज ऐकलं तर कोंबडी कुणी धरलीय आणि ती सुटत नाहीये, एवढंच. त्यात राग नाही, नुसता घसा आहे. शेवटच्या गाण्यातली ती लांब किंकाळी तर मी पुढे सरकवली.

म्हणून असं ठरवलंय: वाद्यं तीच ठेवायची आणि आवाज नव्याने भरायचा. माझ्याकडे रेकॉर्डिंगचं काम बघणारा वेदांग म्हणून मुलगा आहे, त्याचा गळा भयंकर आहे. शब्द तुझे आहेत, त्यामुळे तुझी सही लागेल. सोबतच्या कागदावर खाली कर.

तू गावच्या भजनी मंडळात गातोस असं हरेशकडून ऐकलं होतं. बरं वाटलं. तुझ्या गळ्याला तेच शोभतं.

तुझा,
आशू

कोपरखैरणे गाव, १५ फेब्रुवारी

आशुतोष,

पत्र मिळालं. फोन घेत नाही कारण घ्यायचा नाही. तेवढ्यावरून काही बांधू नकोस.

मीही 'बुडीत' ऐकला. तुझं पत्र आल्यावर, जेवण झाल्यावर, पंख्याखाली पडून. तू म्हणतोस तसं तुझं गिटार टिकलंय. 'मिठागर'मध्ये दुसऱ्या कडव्यापासून वरची तार उतरलेली आहे, ती शेवटपर्यंत तशीच. तेव्हा मी सांगितलं होतं, तू म्हणालास की ब्लॅक मेटलमध्ये चालतं. ती तारही टिकलीय.

माझ्या आवाजाबद्दल काय ते तू लिहिलंस. मला ऐकताना लाज नाही वाटली. त्या पोराने असं ओरडायला काहीतरी बघितलं असणार, असं वाटलं. आमची खाजणं प्लॉट होऊन गेली त्या वर्षी आजी रोज बांधावर जाऊन बसायची, जिथे बांधच नव्हता. मी तिच्या बाजूला बसून ते शब्द केले. तू तेव्हा बर्फ आणि देवदाराची जंगलं यांवर इंग्रजीत लिहीत होतास. नेरूळच्या पुढे तू गेला नव्हतास, बर्फ फक्त मासळीवर बघितला होतास.

सहीचं बघू. माझं एक काम आहे. आपण रेकॉर्ड करताना मशीन मध्ये बंद करायचो नाही. गाणं संपलं तरी टेप चालू असायची. आपण बोलायचो, हसायचो, शिव्या द्यायचो, ते सगळं मूळ कॅसेटींवर असणार. त्या कॅसेटी तुझ्याकडे आहेत. गाणी नकोत मला. मधलं बोलणं पाहिजे. कॉपी करून पाठव.

का पाहिजे ते विचारू नकोस.

केतन

पुणे, ६ मार्च

केतन,

तू म्हणालास म्हणून आईच्या कपाटावरची पेटी खाली काढली. कॅसेटींना वास येत होता, पण चालतात. वेदांगने सगळं कंप्युटरवर घेतलं आणि आम्ही दोघं ऐकत बसलो. मी हौसेने त्याला सांगत होतो, हा बघ केतन, हा हरेश, आता ऐक कशी मजा येते.

मग 'शेवटचा बांध'च्या आधीचा भाग आला. मी बहुधा वडापाव आणायला बाहेर गेलो होतो. तू माझ्या आईची नक्कल करतोयस. "केतन, तू हात बाहेरच्या नळाला धू हं बाळा. तुझा पेला खिडकीत आहे." तोच स्वर, तोच 'हं', 'बाळा'वर मान वळल्यासारखा तोच हेल. हरेश हसून हसून ड्रमवर पडतो. आणि मग तू तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हणतोस, "आशूला गिटार काय येत नाय. पन मशीन त्याचा हाय, मंग काय करनार."

वेदांगने माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या वयाच्या मुलासमोर मी तसा बसलो होतो.

आई दिवाळीच्या आधी गेली. तुला कळवलं होतं, तू अंगठा पाठवला होतास. त्या बाईने तुम्हा दोघांना दर रविवारी आमच्या वाशीच्या घरी पोहे करून घातले. माझी परीक्षा बुडाली तरी तिने तुम्हाला कधी दारातून परत पाठवलं नाही. त्याची तुम्ही ही परतफेड केलीत.

तेव्हा आता सरळ बोलू. मशीन माझं होतं, कॅसेटी माझ्या आहेत, त्यांवरचं बोलणंही माझं आहे. तुला ते का पाहिजे हे मला कळलं: पुसून टाकायला. चार दिवस थांब. कागदावर सही करून पाठव, आवाज बदलायला काही हरकत नाही असं स्वतःच्या हाताने लिही, मग बोलण्याचं बघतो. कव्हरवर तुझं नाव 'मूळ शब्द' एवढंच येईल.

आणि आवाजाचं मी पहिल्या पत्रात सौम्य लिहिलं होतं. मूळ ट्रॅकवर तो एकटा ऐकला, बाकी काही न लावता. कीव येते रे.

आशुतोष

कोपरखैरणे गाव, १४ मार्च

आशुतोष,

आई गेल्याचं तू ज्या दिवशी कळवलंस त्या दिवशी मी अंगठ्यापेक्षा जास्त काही पाठवू शकत नव्हतो. माझी तब्येत बरी नव्हती. त्या गेल्याचं वाईट वाटलं. पोहे चांगले असायचे.

पण पेला खिडकीतच असायचा. कुंडीच्या बाजूला, उलटा ठेवलेला. हरेशचाही. तुझा आत. तू हे कधी बघितलं नाहीस की बघून गप्प बसलास, ते मला आजवर कळलं नाही, आणि आता विचारायचंही नाही. मी त्यांची नक्कल केली ती त्यांच्यामागे, बंद गाळ्यात. तू माझी केलीस ती वाशीच्या हॉलमध्ये, आपल्या कार्यक्रमात, माइकवर. मी 'मला'च्या जागी 'मना' बोललो, 'कोन' बोललो, की तू लगेच तसंच बोलून दाखवायचास आणि पोरं हसायची. "आता आमचा कोळी गाणार," म्हणालास. मी कोळी नाय. आगरी हाय. तेवढंही तुला कधी धड आलं नाही.

असू दे. मी भांडायला बसलेलो नाही.

सही केलेला कागद सोबत आहे. खाली हाताने लिहिलंय: आवाज बदलायला माझी हरकत नाही. माझं नाव कुठे घालायचं तिथे घाल, नाही घातलंस तरी चालेल. रेकॉर्ड तुझी, गाणी तुझी. मी ते बोलणं पुसायला मागत नाही. तुझ्या आईची नक्कल त्यातून काढून टाक, गिटारचं काढून टाक. बाकी जे उरेल ते दे. गाळ्यात चहा आला का विचारलं असेल, हरेशला शिव्या दिल्या असतील, काहीही.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागतो.

केतन

कोपरखैरणे, १७ मार्च

आशुतोष भावजींना सोनलचा नमस्कार.

मी केतनची बायको. आपली भेट लग्नात झालेली, तुमाला आठवत नसेल. यांनी तुमाला पाठवायचं पत्र कुरिअरवाल्याकडे द्यायला माझ्या हातात दिलं, ते मी वाचलं. चुकलं असेल. पण वाचल्यावर मला राहवलं नाय, म्हनून लिवते. यांना सांगू नका.

यांना घशाचा कॅन्सर झाला. आधी नुसता आवाज बसायचा. न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात यांची नोकरी, तिथे धूळ, ट्रेलरवाल्यांवर दिवसभर ओरडायचं, तर आमी म्हनलं त्यानेच बसतो. अशी वर्सं गेली. भजनात जायचे तेही बंद केलं, सूर लागत नाय म्हनायचे. डॉक्टरकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता. मागच्या वर्सी खारघरला ऑपरेशन केलं, आनि स्वरयंत्र पूर्न काढलं. आता गळ्याला पुढून भोक हाय, त्यातून श्वास घेतात. बोलता येत नाय. पाटीवर लिवतात नायतर मोबाइलवर. गळ्याला लावायचं मशीन मिळतं, ते आनलं होतं. त्यातून मशीनच बोलतं. आमच्या सरूने ते ऐकलं आनि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. तेव्हापासून ते कपाटात हाय.

सरू म्हंजे सरस्वती, आमची मुलगी, दुसरीत हाय. ती जन्मली तेव्हा यांचा आवाज बसायला लागलेला. तिने बापाचा आवाज ऐकला तो घोगराच. व्हॉट्सअॅपवर जुने मेसेज हायेत, त्यात पन तसाच, आनि ते सगळे 'गाडी गेटवर आली का' असले. लग्नाची सीडी हाय, तिच्यावर व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पिक्चरची गानी टाकलीत. आमी दोघं तोंडं हलवतो, गानं भलतंच चालू.

एक दिवस तिने विचारलं, पप्पा आधी चांगले बोलायचे का? यांनी पाटीवर लिवलं, हो. ती म्हनाली, कसे? त्याला ते काय लिवनार.

तेव्हापासून यांच्या डोक्यात त्या कॅसेटी हायेत. गान्यातला आवाज नको म्हनतात, ते तर ओरडनं हाय. नुसतं साधं बोललेलं पायजे. मला माहीत हाय तो आवाज. मी त्या आवाजाशी लग्न केलं. फोनवर बोलायचे तेव्हा माझी आई दारातून सांगायची, हळू बोला, बाजूच्या घरात ऐकायला जातंय. असा मोकळा होता.

भावजी, तुमचं त्यांचं काय असेल ते असेल. मानूस आजारी हाय. तेवढं पाठवा.

तुमची,
सोनल

पुणे, २९ मार्च

प्रिय केतन,

सोनलवहिनींनी मला सगळं लिहिलं. तुला सांगू नका म्हणाल्या होत्या, पण आपल्यात आता लपवाछपवी नको. त्यांना रागावू नकोस.

दोन दिवस त्यांचं पत्र खिशात घेऊन फिरलो. मग 'बुडीत' परत लावला, आणि केतन, मी चुकीचं ऐकत होतो. ती किंकाळी! आता ती ऐकवत नाही. त्या पोराला पुढचं सगळं माहीत होतं असं वाटतं. वेदांगचा आवाज रद्द. तुझाच राहणार. मी फिनलंडला लगेच कळवलं, तर ते अक्षरशः हलले. ते म्हणतात, या अल्बमला आता एक गोष्ट मिळाली. ज्या गळ्यातून हा आवाज निघाला तो गळाच आता राहिलेला नाही. असं दुसऱ्या कुठल्या अल्बमबद्दल म्हणता येईल? आधी काढणार होते त्याच्या तिप्पट प्रती काढतायत. आतल्या पानावरचा मजकूर मीच लिहितोय.

एक विनंती. तुझा आत्ताचा फोटो पाहिजे. रुमाल न लावता, गळा दिसेल असा. बटबटीत नाही करणार, काळापांढरा असेल, सभ्य असेल. मागच्या बाजूला तो आणि पुढे बांधावरचा जुना. मी स्वतः फोटोग्राफरला घेऊन येतो. म्हणजे भेटही होईल.

आणि बोलणं. त्याची काळजी करू नकोस. शोधून, साफ करून, घेऊनच येतो.

तुझाच,
आशू

कोपरखैरणे गाव, २१ एप्रिल

आशुतोष,

तू येऊन गेल्याला आठवडा झाला. त्या दिवशी पाटीवर लिहिता आलं नाही ते आता लिहितो.

सोनलशी मी तू यायच्या आधी पुष्कळ दिवस बोललो नाही. हसू नकोस. पाटी उचलली नाही, एवढंच. तू तिचं नाव घेतलं नसतंस तरी तुझं काम झालं असतं.

तू आलास, दारात रडलास, मला मिठी मारलीस. शेजारची पुतळाकाकू बघून म्हणाली, "मित्र असावा तर असा." मग तुझ्या माणसाने मला खिडकीपाशी बसवलं. रुमाल काढला. तो म्हणाला, "सर, जरा मान वर." तू म्हणालास, "अजून थोडी. सावली पडतेय त्यावर." सरू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी रुमालाशिवाय कधी बसलेला दिसलो नव्हतो. ऑपरेशनपासून मी ते तिच्यापासून जपलं होतं. तू तिला बघितलंस. मी हाताने खूण केली, तिला आत घ्या. तू म्हणालास, "राहू दे रे, छान येतंय चेहऱ्यावर." माझ्या चेहऱ्यावर काय येत होतं ते तुला पाहिजे होतं.

मी उठलो नाही, कारण पेन ड्राइव्ह तुझ्या खिशात होता.

जाताना तो दिलास. "सगळं आहे यात," म्हणालास. सोनलने चहाला थांबवलं तर "पुढच्या वेळी नक्की" म्हणून निघालास.

संध्याकाळी सोनलचा भाऊ लॅपटॉप घेऊन आला. पेन ड्राइव्हवर एकच फाइल आहे. तुझ्या आईची नक्कल, तेवढीच. गिटारबद्दल मी बोललो ते कापलेलं. हरेशचं हसूही कापलेलं. नळ, पेला, बाळा, संपलं.

बाकीचं कुठे आहे? सरूला अजून काही ऐकवलं नाही. सुट्टीत ती उरणला मामाकडे गेलीय. ती यायच्या आत पाठव.

केतन

पुणे, ९ मे

प्रिय केतन,

खरं काय ते सांगतो. बाकीचं बोलणं उरलेलं नाही.

तुझा सहीचा कागद आला त्याच दिवशी मी वेदांगला सांगितलं की गाणी ठेव आणि मधलं सगळं उडव. काम झालं होतं, आणि माझ्या घरात तो आवाज मला नको होता. डिस्कवर त्याने नंतर दुसरं रेकॉर्डिंग भरलं. कॅसेटी आईच्या सामानाबरोबर भंगारात गेल्या. वहिनींचं पत्र आलं ते त्यानंतर. मला आधी माहीत असतं तर मी असं केलं असतं का? तू पहिल्या पत्रात एक ओळ लिहिली असतीस, की मी आजारी आहे, मला बोलता येत नाही. एक ओळ. तू लिहिलंस, 'का ते विचारू नकोस'. मी नाही विचारलं. मग याला जबाबदार कोण, तूच सांग. भेटीत हे बोललो असतो तर फोटो झाला नसता, आणि तो फोटो अल्बमसाठी गरजेचा होता. तुझ्यासाठीही.

तेवढा एक तुकडा मी आधी वेगळा काढून का ठेवला, तेही सांगतो. आईला शेवटची काही वर्षं काही आठवायचं नाही. माझ्याकडे तिचे व्हिडिओ आहेत, पण त्यांत आहे ती दुसरीच कुणीतरी. मला 'अहो' म्हणणारी. घरभर फिरून हुकूम सोडणारी, चालताना बांगड्या वाजणारी माझी आई कुठेच नव्हती. आणि मग ती त्या कॅसेटवर सापडली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून मागे बघितलं. केतन, ती आहे रे त्यात. मी रोज ऐकतो. हरेशचं हसू मध्ये यायचं म्हणून काढलं. गेलेल्या माणसाचा खरा आवाज असा हातात येणं म्हणजे काय, ते तुला कदाचित कळणार नाही.

तुझ्या आवाजात तेवढंच आहे. तो तुझ्या मुलीला दे. नाही कशाला म्हणायचं, आवाज तर तुझाच आहे.

रेकॉर्ड बाहेर पडायच्या आधीच, आगाऊ नोंदणीतच संपली. एका समीक्षकाने लिहिलंय की गिटार आता जुनाट वाटतं, ड्रम कच्चे आहेत, पण आवाज थरकाप उडवतो. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या दोन प्रती पाठवतोय. मागचा फोटो सुंदर आलाय.

आशू

कोपरखैरणे गाव, २ जून

आशुतोष,

रेकॉर्ड मिळाल्या. आमच्याकडे त्या वाजवायचं मशीन नाही. सोनलने त्या कपाटावर ठेवल्या, फोटो भिंतीकडे करून. पेन ड्राइव्ह याच पाकिटातून परत पाठवतोय. तुझी आई आहे त्यात, तुझ्याकडे असू दे.

आजारपणाची ओळ मी का लिहिली नाही, ते सांगतो. कोंबडी म्हणणाऱ्या माणसाला गळा कापल्याचं कळवावं, असं मला वाटलं नाही. तू बरोबर बोललास. लिहिली असती तर आज सरूकडे बापाच्या शिव्या तरी असत्या. तो दोष माझ्याकडे लागला, तो मी घेतो. फोटोचा तुझ्याकडे लागला.

'बुडीत' टिकला का, यावर तू लिहिलं होतंस. मी परवा शेवटचा ऐकला, इंटरनेटवरचा. चांगला आहे रे. त्या तिघांचं चांगलं चाललं होतं.

सरू रविवारी उरणहून आली. उन्हाने काळी झाली होती, गुडघा फोडून आली होती. मी पाटीवर लिहिलं, तुला पप्पांचा जुना आवाज ऐकायचा का? तिने चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच येऊन मामाच्या लॅपटॉपला चिकटून बसली. सोनल म्हणाली, "नको लावू, राहू दे." मी लावलं. दुसरं होतंच काय माझ्याकडे?

तिने पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "परत," म्हणाली. परत लावलं. मग तिने विचारलं, "पप्पा, ही बाई कोन?"

सोनल म्हणाली, "अगं, पप्पाच हायेत ते. मस्करी करतात."

सरूने अजून एकदा ऐकलं, डोळे बारीक करून, कान पुढे करून, शाळेत परीक्षेला बसावं तशी. "कुठल्या केतनला सांगते ती, भायेर हात धू म्हनून?"

"पप्पांना," सोनल म्हणाली.

"मंग ते पप्पा नाय," सरू म्हणाली. "पप्पा पप्पांना असं कशाला बोलतील?" आणि उठून खाली खेळायला गेली.

केतन